काळी काच

उद्यमनगरात दुपारी वीज गेली
की लेथ गप्प होतात
आणि मागच्या तालमीतला शड्डू ऐकू येतो.
आण्णा मास्क वर सरकवतात, तांब्या तोंडाला लावतात.
तेवढ्यात मी लॅपटॉप उघडून त्यांना दाखवतो.
हो, दाखवतो.
पुण्यात सहा वर्षं ‘दाखवते’ म्हटलं,
पण पंचगंगेचा पूल ओलांडला
की क्रियापद आपोआप चप्पल बदलतं.

हा गुच्छ, आण्णा. ज्येष्ठेच्या शेजारचा.
साध्या उजेडात बघा :
शाहू स्टेडियमवर फायनलला
पुढचे उभे राहिले की मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात,
तसं.
पुढचे म्हणजे हे तांबडे राक्षसी तारे,
फुगलेले, वरून थंड पडत चाललेले,
सगळी नजर त्यांनीच अडवलेली.

आता हे अतिनील.
हवेच्या वर, उपग्रहाच्या डोळ्यातून.
राक्षस विझतात.
गर्दी पांगते.
उरतात मोजके, निळे, पांढरे,
ज्यांच्या अंगात अजून धग आहे.

“तांबडं, पांढरं,” आण्णा म्हणाले,
“भूक लागली की गं.
पन अतिनील म्हंजे?”

तुमच्या आर्कमधनं निघतं ते.
ज्याच्यासाठी ही काळी काच.

“म्हंजे ज्याच्यापासनं मी तीस वर्षं डोळं राखलं
ते बघायला तुला सरकार पगार देतंय.”

पगार नाही आण्णा, स्कॉलरशिप.
तीही आठ महिन्यांनी एकदा.

मग आलेख. आडवा रंग, उभं तेज.
सगळे जवळपास एका वयाचे, बाराशे कोटी वर्षांचे,
म्हणून एकाच वळणाच्या रस्त्यानं निघालेले,
गगनबावड्याच्या घाटात गाड्या लागतात तसे.
आणि हे काही रस्ता सोडून वर :
निळे भटके. वयानं म्हातारे, दिसायला तरणे.

“आमचा हिंदुराव वस्ताद,” आण्णा लगेच म्हणाले.
“सत्तरीत पाचशे जोर.”

ह्यांनी खुराक दुसऱ्याचा खाल्लेला असतो.

मग मी त्यांना दोनशे सतरा दाखवला.
साध्या उजेडात गरीब, रांगेतला, कुणी वळून बघणार नाही असा.
अतिनीलात मात्र
हिशेबापेक्षा जास्त तेज.
दोन आठवडे मी चूकच शोधत होतो :
शेजाऱ्याचा उजेड सांडला का,
मोजणीची चौकट हलली का.
रेश्मा मुजावरनं तिच्या यादीशी ताडून बघितलं.
शनिवारी रात्री दीडला तिचा निरोप :
आहे गं. खरंच आहे.

म्हणजे त्याच्या अंगाला चिकटून
दुसरा एक आहे, न दिसणारा.
ह्याला सगळं देऊन आटलेला,
पृथ्वीएवढा उरलेला श्वेत बटू.
नुसता तापलेला.
ते जादा तेज त्याचं.

आण्णांनी काच फडक्यानं पुसली.
मग उलट बाजूनं पुसली.
“पयली दोन वर्सं,” ते म्हणाले,
“आमच्यात काच एकच हुती.”

एवढंच.

बाहेर पाटीवर अजून दोन नावं आहेत :
उस्मान-आदगोंडा वेल्डिंग वर्क्स.
गिऱ्हाइकं एकालाच ओळखतात.
उस्मानचाचा कागलला, लेकीकडं असतात.
ईदला गेलो की आवाजावरनं ओळखतात,
हातानं माझं तोंड चाचपतात,
शिकलीस का म्हणतात.

“त्या दुसऱ्याचं नाव काय लिवतात?”

नाव नसतं आण्णा. क्रमांक असतो.
त्याला तोही नाही अजून.

“मग दे की.”

वीज आली. लेथ सुरू झाले.
मी तक्त्यात दोनशे सतराच्या पुढं ‘अ’ लिहिलं,
खाली एक ओळ वाढवली,
दोनशे सतरा ब,
आणि तिचे बाकीचे रकाने
सध्या मोकळे ठेवले.

“तोंड फिरीव,” आण्णा ओरडले.
मी भिंतीकडं तोंड केलं,
चार वर्षांची असल्यापासनं करतो तसं.
भिंतीवर तो निळा उजेड थरथरत होता,
आणि पोपडे धरलेल्या चुन्यावरचे
एरवी कधी न दिसलेले
बोटांचे ठसे.